पोट भरलं की कसं वाटतं

जून संपत आला की आमच्या रोपवाटिकेत कोय कलमांची घाई सुरू होते. रायवळ आंब्याच्या कोयी आधीच वाफ्यात रुजवलेल्या असतात. त्यांचे तांबूस, लुसलुशीत कोंब वीतभर झाले की ते वरून छाटायचे, उरलेल्या दांड्याला मधोमध चीर द्यायची आणि त्या चिरेत पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. काही आठवड्यांत काडीला पालवी फुटते. खाली मूळ कुठल्या तरी आंबट, केसाळ रायवळाचं, पण त्या झाडाला पुढे लागणार हापूस. हातखंब्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमची जागा आहे. गिऱ्हाईक गाडी थांबवून उतरतं आणि पहिला प्रश्न हाच विचारतं, की हापूसच लागेल ना? मी गेली तीस वर्षं एकच उत्तर देतो. काडी हापूसची आहे, दुसरं काही लागणारच नाही.

हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं आहे की त्याचा अर्थ माझ्या डोक्यातून निघून गेला असावा. नाहीतर स्वतःच्या मुलीशी मी जसा वागलो तसा वागलो नसतो.

मला एकच मुलगी. मागच्या पावसाळ्यात ती दापोलीला शेतकी कॉलेजात शिकायला गेली. त्याआधी सात वर्षं ती माझ्यासमोर एकदाही जेवली नव्हती. अकराव्या वर्षी तिने आपलं ताट उचललं आणि मागच्या पडवीत, पाण्याच्या पिंपाशेजारी, भिंतीकडे तोंड करून जेवायला सुरुवात केली. मी घरात नसलो की ती स्वयंपाकघरात आईजवळ बसायची आणि माझी मोटरसायकल वाजली की ताट घेऊन उठायची. एकदा मोटरसायकल हातखंब्याला गॅरेजात ठेवून मी हायवेवरून चालत घरी आलो, तेव्हा मला हे कळलं. दोघी मायलेकी काहीतरी बोलत हसत जेवत होत्या. मला दारात बघून तिचा हात ताटातच थांबला. कोणीतरी चोरी करताना पकडावं तशी ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या ताटात होता वरणभात.

तशी का बघत होती, ते सांगायला हवं.

ती जन्मली तेव्हा चारचौघांसारखीच होती. पण चार-सहा महिन्यांची झाली आणि दुधासाठी असा टाहो फोडायची की माझी बायको घाबरून जायची. वर्षाची झाली तेव्हा बघणारे कौतुक करत, कशी गुटगुटीत आहे म्हणत. तीन वर्षांची झाल्यावर कौतुक थांबलं. शेजारच्या घरी जाऊन ती भाकरी मागायची, आणि शेजारीण दुसऱ्या दिवशी बायकोला गोड आवाजात विचारायची, की काल घरी चूल पेटली नव्हती का गं? उंचीनेही ती वयापेक्षा पुढे होती, हाडापेराने भक्कम. बालवाडीच्या बाईंना ती पहिलीतली वाटायची.

आम्ही खाणं कमी केलं, की ती चोरून खायची. मग मी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. स्वतःच्या घरात फरसाणाला कुलूप लावणारा माणूस मी. त्या वेळी मला त्यात कर्तव्य दिसत होतं.

ती सात वर्षांची असतानाची गोष्ट. आमच्याकडे फणसाच्या आठळ्या पावसाळ्यासाठी लाल मातीत घोळवून ठेवतात, म्हणजे किडत नाहीत. भर दुपारी ती मला खोपीत सापडली. त्या आठळ्या ती कच्च्या खात होती, मातीसकट. ओठ, हनुवटी, फ्रॉक सगळं लाल झालेलं. मी तिला उचलून बाहेर आणलं आणि ओरडलो. तासाभरापूर्वी जेवलीस ना, पोट भरलं नाही का, असं काहीतरी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं,

"बाबा, पोट भरलं की कसं वाटतं?"

मी तिच्या थोबाडीत मारली. मला ते उलट उत्तर वाटलं.

खरं म्हणजे त्या क्षणी उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडलं होतं आणि काय सांगायचं ते मला सुचलं नव्हतं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. हात उठला तो कदाचित त्यामुळेच.

नवव्या वर्षापासून मी दर रविवारी तिचं वजन करायला लागलो. आमच्याकडे काजू बी मोजायचा मोठा काटा आहे, पोती ठेवायचा. सकाळी कलमं बांधणाऱ्या बायका कामाला आलेल्या असायच्या, त्यांच्यासमोरच तिला त्यावर उभी करायचो. मला वाटायचं, चार लोकांदेखत झालं की लाज वाटेल आणि लाज वाटली की हात आवरेल. माझा हिशेब साधा होता. जेवढं आत जातं त्यातून जेवढं खर्च होतं ते वजा केलं की उरतं ते अंगावर चढतं. मी स्वतः काटकुळा. दीड भाकरी खाऊन ताटावरून उठायचो आणि ते सगळ्यांना दिसेल असं उठायचो. माणसाने भूक ठेवून उठावं, असं तिला रोज ऐकवायचो.

अकराव्या वर्षी एका रविवारी काट्यावरचा आकडा बघून मी मोठ्याने म्हणालो, झालं, आता एका पोत्याच्या भावात निघालीस. दोन-तीन बायका हसल्या. आमच्याकडे सगळ्यांत जुनी असलेली काकी तेवढी हसली नाही. ती खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिली. मुलगी काट्यावरून उतरली, चप्पल घातली, घरात गेली. त्या दुपारपासून तिचं ताट पडवीत गेलं.

पुढे तिची मान काळी पडायला लागली. मानेच्या मागे, काखेत, मखमलीसारखा काळा पट्टा. मी तिला अंघोळ नीट करत जा म्हणून सांगायचो. बायकोने एकदा काथ्याने घासून घासून तिची मान सोलवटून काढली. तो मळ नसतोच, शरीरातल्या साखरेच्या गडबडीचं ते लक्षण असतं, हे रत्नागिरीच्या आमच्या डॉक्टरांनी ती सतरा वर्षांची असताना सांगितलं. त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले. लहानपणी किती महिन्यांची असताना सुरू झालं? रात्रंदिवस मागायची का? कच्चं खायची का? आठळ्यांची गोष्ट बायकोने सांगितली. मी छताकडे बघत होतो. मग त्यांनी विचारलं, तुम्ही दोघं नात्यातले का?

आम्ही नात्यातले. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्यात ही रीतच आहे, मामाची मुलगी करायची, घरातली घरात राहते म्हणतात. तिचं माहेर लांज्याजवळ, माझं तेच आजोळ. लहानपणापासून एकत्र भांडलेलो असल्यामुळे ती मला आजही अरे-तुरे करते, आणि सासरे म्हणून नमस्कार करताना मला मामाच्या गालावरचा चिंचोका मारल्याचा वण दिसतो, जो मीच पाडला आहे.

डॉक्टरांनी आम्हाला मुंबईला एका बाईंकडे पाठवलं. आनुवंशिकतेचं काम करणाऱ्या, वयाने माझ्याएवढ्या, बोलायला शांत. त्यांनी आम्हा तिघांचं रक्त घेतलं. कित्येक आठवड्यांनी त्यांनी फोनवरच्या व्हिडिओवर आम्हाला बोलावलं. मागच्या जुलैचा दिवस होता, कलमांची धांदल होती. मी आणि बायको शेडमध्ये खतांच्या गोणींवर फोन टेकवून बसलो. मुलगी मुद्दाम आली नाही, वाफ्यात कोयी बघत राहिली.

त्या बाईंनी जे सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. अंगावर चरबी साठते ती मुकी नसते. ती रक्तातून मेंदूला सतत निरोप पाठवते, की साठा आहे, काळजी नको. जेवल्यावर आतड्यांकडूनही निरोप जातात. मेंदूत एका ठिकाणी हे निरोप घेऊन भूक बंद करणारं एक दार आहे, आणि त्या दाराला कडी आहे. ती कडी कशी घडवायची ते एका जनुकात लिहिलेलं असतं. आमच्या मुलीच्या त्या जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. एकच. त्यामुळे कडी वाकडी घडते आणि दार बंद होत नाही. निरोप येतात, पण पोचत नाहीत. अंगावर एवढा साठा असून तिच्या मेंदूला जन्मापासून रोज वाटतं, की दुष्काळ पडला आहे. आणि दुष्काळात शहाणं शरीर जे करतं तेच तिचं शरीर करतं. मागतं, साठवतं, आणि खाणं तोडलं की खर्चही आखडून घेतं.

मी विचारलं, म्हणजे मी कुलूप लावलं तेव्हा?

त्या म्हणाल्या, तेव्हा तिच्या मेंदूला खात्री पटली असणार.

हे त्यांनी दूषण म्हणून म्हटलं नव्हतं. पण मी ऐकलं आणि गोणीवरून उठून उभा राहिलो, मग पुन्हा बसलो.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. तिच्या दोन्ही प्रतींत तेच अक्षर बदललेलं निघालं. माझ्यात तशी एक प्रत, बायकोत एक. बायको लगेच म्हणाली, म्हणजे आमच्या लग्नाचं हे. डॉक्टरबाई म्हणाल्या, की अशी बिघडलेली अक्षरं प्रत्येक माणसात कुठली ना कुठली असतातच, फक्त नात्यात लग्न झालं की दोन सारखी एकत्र यायची शक्यता वाढते, आणि यात कुणाचा गुन्हा नाही. बायकोने मान हलवली आणि माझ्याकडे न बघता पुटपुटली, "तुझ्याच आईला घाई होती, सून घरातलीच हवी म्हणून."

मग मला आमचे आजोबा आठवले, माझ्या आईचे आणि बायकोच्या वडिलांचे वडील. पैज लावून जेवणारा माणूस. लग्नात शेवटच्या पंगतीला त्यांना बसवत आणि वाढणारे दमेपर्यंत जिलब्या वाढत. अख्खा बरका फणस एकट्याने संपवल्याची त्यांची गोष्ट आजही घरात अभिमानाने सांगतात. आजी तर जन्मभर पेजेवर राहिलेली, तिच्याबद्दल काही सांगता येत नाही. ते अक्षर दोघांपैकी कुणाचंही असेल. पण मला आजोबाच दिसत राहिले. एकाकडून ते माझ्या आईत आलं आणि मामात आलं, आईकडून माझ्यात, मामाकडून माझ्या बायकोत, आणि मग दोन्ही वाटांनी निघालेलं ते एकच अक्षर माझ्या मुलीत येऊन समोरासमोर भेटलं. त्यांच्या भुकेला आम्ही पंगतीत टाळ्या वाजवल्या, आणि तिच्या भुकेला काट्यावर उभं केलं.

कॉल संपता संपता डॉक्टरबाई मला म्हणाल्या, बदललेली एकच प्रत असलेल्यांनाही इतरांपेक्षा जास्त भूक लागू शकते, तुम्हाला कधी जाणवलं का? मी नाही म्हणालो. मी तर दीड भाकरीत उठणारा. त्या म्हणाल्या, उठता, पण उठताना पोट भरलेलं असतं का?

फोन बंद झाला. बायको घरात गेली. मी शेडमध्येच बसून राहिलो.

दीड भाकरी खाऊन उठल्यावर मी दिवसभर काय करत असतो, ते मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं. वाफ्यातून फिरताना मी संध्याकाळच्या जेवणाचा विचार करत असतो. गिऱ्हाइकाशी बोलतानाही. आईने लहानपणी सगळ्यांना मोजून वाढलं, तेव्हापासून मी असाच उठत आलो. मला वाटायचं सगळेच असेच उठतात. भूक हा पावसासारखा कायम वरून पडणारा प्रकार आहे, आणि सभ्य माणसं छत्री धरून गप्प चालतात, अशी माझी समजूत होती. मुलगी गप्प बसत नव्हती, याचाच मला राग होता.

समोर काकी कलमं बांधत होती. नुकतीच जेवून आली होती. मी तिला विचारलं, काकी, जेवून झाल्यावर खाण्याचा विचार येतो का डोक्यात? तिने पट्टीचं टोक दातात धरलं होतं. ते सोडून ती म्हणाली, "जेवल्यावर कशाला येईल?"

मी म्हटलं, पण समजा समोर कोणी आवडीचं काही ठेवलं तर?

"भरलं की भरलं, भाऊ. मग समोर काय बी ठेवा, नको वाटतं. बघवत पण नाय." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुमाला नाय वाटत नको?"

मी पन्नाशीचा माणूस, माझ्याच शेडमध्ये, एका बाईकडून ऐकत होतो की जगातल्या बहुतेक माणसांना दिवसातून दोन-तीनदा अन्न नकोसं होतं. आपोआप होतं. त्यांना त्यासाठी काही करावं लागत नाही. ज्यांना मी संयमी समजत होतो त्यांच्या आत फक्त एक कडी नीट बसलेली होती, आणि ती त्यांनी स्वतः घडवलेली नव्हती. माझ्यासमोर शेकडो कोवळी कलमं उभी होती, प्रत्येकाच्या मुळाशी सुकत चाललेली कोय. पाला धरेपर्यंत ते रोप त्या कोयीतलंच खातं, किती उरलंय याचा अंदाज त्याला असतो, आणि मी कधी कुठल्या रोपाला विचारलं नाही की तू एवढं का खातोस. वरच्या काडीत काय लिहिलं आहे ते कुठे दिसत नाही, चाकूने कापलं तरी दिसत नाही. तरी पाच वर्षांनी मोहोरातून ते बाहेर येतंच. हे रोज हातात धरून मी तीस वर्षं जगलो, आणि त्या दुपारी मला ते पहिल्यांदा दिसल्यासारखं झालं. माझ्या अंगावर काटा आला. मग लाज वाटली. पण काटा आधी आला, हे खरं आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती सगळ्यांत मोठी होती. माझ्यात अर्धी भूक, तर मी दीड भाकरीवर उठायचं एवढं मिरवलं. तिच्यात पूर्ण. ती भूक अंगात घेऊन ती शाळेत गेली, बारावीची परीक्षा दिली, मैत्रिणींच्या डब्यांशेजारी बसली, लग्नांत रिकाम्या पोटी फोटो काढून घेतले. आमच्या घरात खरा संयम कुणाचा होता?

ती दापोलीला जायला आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाफ्यातून लवकर आलो. ती मागच्या पडवीत बसली होती, पिंपाशेजारी, भिंतीकडे तोंड करून. रिपोर्टमध्ये काय आलं ते आईने तिला आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं. त्यावर ती फक्त बरं म्हणाली होती. मी माझं ताट घेऊन पडवीच्या पायरीवर उभा राहिलो. तिचा हात आपोआप ताटावर गेला, झाकल्यासारखा.

मी म्हटलं, बाय, बसू का इथे?

मी पायरीवरच बसलो, तिच्यापासून चार हातांवर. जे पाठ करून आलो होतो ते सगळं विसरलो. शेवटी म्हणालो, "तू लहान असताना मला एक विचारलं होतंस. आठळ्या खाल्ल्या होत्यास तेव्हा. पोट भरलं की कसं वाटतं."

"आठवतंय," ती भिंतीशी बोलली.

"मला माहीत नव्हतं गं. अजून नाही माहीत."

वरच्या कौलांवरून पाणी पिंपात पडत होतं. मग तिने विचारलं, "मग मारलंस का?"

मी म्हटलं, मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. सगळे गप्प बसतात, तूच का बसत नाहीस, म्हणून. आणि तुला काट्यावर उभं केलं ते तर त्याहून वाईट केलं. माफ कर म्हणायचं तोंड मला नाही, पण म्हणतो.

तिने मान वळवली नाही. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, नंतरही म्हणालेली नाही, आणि मी विचारलेलं नाही.

मी तिला सांगितलं, की काल मी काकीला विचारलं. आता ती वळली. काकी काय म्हणाली? मी काकीचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"नको वाटतं?" ती म्हणाली. "जेवण?"

"हो. समोर काहीही ठेवलं तरी."

"बघवत पण नाही?"

"असं म्हणाली."

ती ताटाकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता, जसा तारांगणाची सहल करून आलेल्या लहान मुलांचा होतो. आम्ही दोघं तिथे बसून त्या गोष्टीचा विचार करत होतो, की एखाद्याला भात नको वाटत असेल तर तो आतून कसा असेल. तिने मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती थोडी हसली आणि म्हणाली, की काकीला एकदा आईची काजूची उसळ समोर ठेवून बघायला पाहिजे, तरी नको म्हणते का.

आणि बोलता बोलता तिने ताटावरचा हात काढला, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. माझ्यासमोर. मी पटकन माझ्या ताटात बघायला लागलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तिने बघू नये आणि तिला मी बघतोय असं वाटू नये, दोन्हीसाठी. आम्ही जेवत राहिलो. डॉक्टरबाईंनी तिच्यासाठी खाण्याचं माप सांगितलं होतं, दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, भाजी. दुसरी भाकरी संपल्यावर तिने ताटातला शेवटचा कण बोटाने टिपला आणि पाण्याचा तांब्या पुढे ओढला. तिच्या मेंदूत त्या क्षणीही दुष्काळ चालू होता, हे मला आता माहीत होतं. तिने फक्त तांब्या तोंडाला लावला.

माझी दीड भाकरी झाली. सवयीने मी ताटावर हात झटकले आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो.

"बस," ती म्हणाली. "माझं माप झालंय. तुझं नाही झालं."

मी तसाच अर्धवट उभा राहिलो. झालं गं, म्हणालो.

"नाही झालं, बाबा. मला कळतं." आणि आत स्वयंपाकघराकडे वळून तिने आईला हाक मारली, की बाबाला अजून एक भाकरी दे.

मी खाली बसलो.